माझ्या रक्तातला सांतो

मियागाव, १९ मार्च

रोवेना,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न फोडता परत पाठवतेस. म्हणून या वेळी पत्ता माझ्याबरोबर हातमागावर बसणाऱ्या लुर्देसकडून लिहून घेतलाय. फसवणूक आहे, मान्य. पण वर्षभरात माझी तीन पत्रं परत आली आणि फोनवर तर तू मला केव्हाच बंद करून टाकलंयस. मी दुसरं काय करणार?

सांतोला जाऊन गेल्या महिन्यात वर्ष झालं. नानायने घरी प्रार्थना ठेवली होती. आई म्हणून तिचंच ते काम, पण डोळ्यांनी दिसत नाही तर स्वयंपाक माझ्यावर. डुकराचं मटण, फणस आणि तूर घालून मोठं पातेलं केलं, त्याला आवडायचं तसं. बायका विचारत होत्या, "सून नाही आली? नात कुठाय?" मी म्हटलं, हाँगकाँगच्या मालकिणी सुट्टी देतात होय? आणि पोरगी तिकडे सान होसेला आजीकडे असते, लहान आहे, प्रवास झेपत नाही. त्यांनी माना डोलावल्या. त्यांना खरं काय ते माहीतच आहे.

माझ्या तब्येतीशी तुला देणंघेणं नाही, हे मला कळतं. तरी लिहिते, कारण ती आता नुसती माझी तब्येत राहिलेली नाही. सांतोची किडनी उत्तम चाललीय. मंगळवार-शुक्रवारचं मशीनवर पडून राहणं संपलं. मी पुन्हा मागावर बसते.

आणि डॉक्टर पालमारेस आता माझ्या गोळ्या कमी करायचं म्हणतात. दुसऱ्याचा अवयव घातला की या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, नाहीतर आपलंच रक्त त्याला परका समजून मारून टाकतं. पण माझ्यावर त्यांनी नवीन उपाय केला होता, तो तुला कुणी नीट सांगितला नसेल. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक गाठ असते. लहानपणी चांगली मोठी, मग वयात आलं की सुकून तिची चरबी होते. डॉक्टर म्हणाल्या, "ही रक्तातल्या शिपायांची शाळा. आपलं कोण, परकं कोण, ते इथे शिकवतात. जो आपल्याच माणसांवर उठतो त्याला शाळेतच मारतात. शंभर आत जातात, तीन-चार जिवंत बाहेर येतात."

मी म्हटलं, "ही शाळा की कत्तलखाना?"

त्या हसल्या. त्याही मला ताईसारखं मनांगच म्हणतात. म्हणाल्या, "मनांग डेल्फा, तुमची शाळा तीस वर्षं बंद आहे. ती आपण उघडू या."

ऑपरेशनच्या आधी चार महिने इंजेक्शनं दिली. मग किडनीबरोबर सांतोच्या हाडातला मगजही माझ्या शिरेतून सोडला, म्हणजे नव्या शिपायांनी शाळेतच त्याला पाहावं आणि आपला म्हणून शिकावं.

इंजेक्शनांनंतरचा पहिला एक्स-रे आठवतो. फिल्म बघणारा म्हातारा बाहेर येऊन ओरडला, "कुणाच्या तान्ह्या पोराची फिल्म मिसळलीय इथे?" काळजाच्या वर होडीच्या शिडासारखी सावली होती. अशी सावली पाळण्यातल्या पोरांच्या छातीत दिसते म्हणे. त्याने नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. "वय सत्तेचाळीस?" म्हणाला, आणि जाताना कपाळावर क्रूस काढला. मला वाटलं आपली नजर चुकवून काढला, पण त्याने लपवलंही नव्हतं.

तू त्या वेळी विचारलं होतंस, सांतो त्या दुपारी कुठे निघाला होता. पुन्हा सांगते. मासळी आणायला निघाला होता. हेल्मेट घातलं नव्हतं. त्याची सवय तुला माहीतच आहे.

अमिहानला माझे पापे सांग. नको असतील तर नको सांगू.

डेल्फा

*

मियागाव, ७ मे

रोवेना,

पत्र परत आलं नाही. म्हणजे तू फोडलंस, किंवा कचऱ्यात टाकलंस. मी फोडलंस असं धरून चालते.

गोळ्या निम्म्यावर आल्या. गेल्या आठवड्यात शहरात रक्त द्यायला गेले होते. आठ वाजता दिलं, अकरा वाजता प्रयोगशाळेतला माणूस नळी हातात घेऊन बाहेर आला. नवीन होता. "नुफाब्ले कोण?"

मी हात वर केला.

"तुम्ही नाही. पेशंट कुठाय?"

"मीच पेशंट."

"बाई, हे रक्त पुरुषाचं आहे. निदान त्यातलं बरंचसं तरी. नळ्या बदलल्यात कुणीतरी. पुन्हा द्या."

पुन्हा दिलं. पुन्हा तेच निघालं. तो बिचारा माझ्याकडे बघेना. शेवटी डॉक्टर पालमारेस धावत आल्या, कागद बघून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मनांग, शंभरातल्या एकतीस पेशी भावाच्या! तुमच्या हाडांत त्याचा मगज रुजलाय. तो आता स्वतःच रक्त तयार करतोय."

"वाढेल का हे?"

"वाढावं म्हणूनच तर सगळं."

मी विचारलं नाही, कुठवर वाढणार. परत येताना जीपनीत अंग चोरून बसले. का ते सांगता येत नाही. शेजारच्या बाईला माझा दंड लागत होता आणि मला वाटत होतं, हिला सांगायला हवं.

आता नानायचं ऐक. डोळे गेल्यापासून ती पावलांवरून माणूस ओळखते. टपालवाला, पाद्री, लुर्देस, सगळे तिला जिन्यावरून कळतात. परवा मी बाजारातून आले, तर खिडकीजवळून म्हणाली, "दोघं एकदम चढू नका गं, जिना जुना झालाय."

"कोण दोघं, नानाय?"

"तू आणि मागचा."

मागे कुणी नव्हतं. मी वळून पाहिलं नाही असं सांगणार होते, पण पाहिलं. ऊन होतं नुसतं, पायऱ्यांवर.

तेव्हापासून ती ताटं तीन मांडते. मी उचलून ठेवते, ती पुन्हा मांडते. मला "इन्दाय", पोरी, म्हणून हाक मारायची ती आता कधी कधी "तोतो" म्हणते. ती सांतोला तोतो म्हणायची. म्हातारीचं डोकं सरकलंय, असं लुर्देस म्हणते. तसंच असेल.

डेल्फा

*

मियागाव, २२ जुलै

रोवेना,

पहिल्या तारखेला शेवटची गोळी घेतली. त्यानंतर तीन दिवस मी मागावर बसले नाही. माझे शिपाई आता मोकळे होते. त्यांच्या मनात सांतोला मारायचं असतं तर हीच वेळ होती. दुखतंय का म्हणून मी पोटाच्या उजव्या बाजूला, जिथे त्याला ठेवलंय तिथे, सारखा हात लावून बघत होते. लघवी मोजत होते. थर्मामीटर काखेतून काढतच नव्हते.

काहीच झालं नाही.

काल डॉक्टरांनी वॉर्डात सगळ्यांना पान्सितच्या शेवया खाऊ घातल्या. एवढं पुढे आलेली त्यांची मी पहिलीच. म्हणाल्या, "तुमच्या शरीराला तो परका वाटतच नाही. तुमच्या शिपायांना आता शोधूनही तो परका सापडायचा नाही." रक्त शंभरातलं सत्त्याण्णव त्याचं झालंय. माझा गटही बदलला. जन्मभर 'ए' होते, आता त्याचा 'ओ' आहे. ओळखपत्रावर नवीन लिहून घ्या म्हणाल्या.

सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी ताटली खाली ठेवली. रोवेना, माझ्या शरीराला ते किती सोपं गेलं! दीड वर्षात शिकून मोकळं झालं. मी मात्र...

तो मासळी आणायला निघाला नव्हता.

आता लिहायला घेतलंय तर पुरतं लिहिते. त्या दुपारी तो माझ्याकडे आला होता. मी मागाच्या कांड्या भरत होते. तो हेल्मेट टेबलावर ठेवून दारातच उभा राहिला. तसा आत येऊन पहिल्यांदा झाकणं उघडून बघणारा माणूस, त्या दिवशी आत आलाच नाही.

"मनांग, रोवेनाशी बोललो. ती नको म्हणते."

"तिला कोण विचारतंय? किडनी तुझी."

"मी विचारतो. बायको आहे माझी." मग म्हणाला, "तू एक कर. तिला फोन लाव. अमिहानच्या बारशाला चारचौघींत बोटांवर महिने मोजून दाखवलेस, ते चुकलं म्हण. बाकी काही नको. सोमवारी मी हॉस्पिटलात येतो, कुठली हवी ती काढून घे."

"मी मोजलं ते मोजलं. आठव्या महिन्यात तीन किलोची पोर होत नाही."

"मनांग, तू एकदाही बाळंत झालेली नाहीस."

हे मला लागलं. आमचे वडील, तात्याय, गेल्यावर त्याला मी वाढवला होता, माझं लग्न त्यातच राहिलं. मी म्हटलं, "ती पोर आपली नाही. आणि तिला धरून बसायचं असेल तर तूही आमचा नाहीस. नीघ."

तो निघाला. हेल्मेट टेबलावरच राहिलं. मी ते पाहिलं, रोवेना. फाटकापर्यंत हाक सहज गेली असती. मी मनात म्हटलं, येईल परत घ्यायला, तेव्हा बोलेल आधी. आणि कांडी भरत राहिले. पुलाजवळ वाळूचा ट्रक होता.

तू हे वाचून पत्र फाडशील. फाड. पण लुर्देस म्हणते माझा चेहरा अलीकडे बरा दिसतो, रंग आलाय, गालावर तेज आलंय. हे ऐकलं की मला आरशापुढे उभं राहवत नाही, एवढं तुला कळावं.

डेल्फा

*

मियागाव, ५ नोव्हेंबर

रोवेना,

संतांच्या दिवशी तुझी आई अमिहानला घेऊन आली होती. तू सांगितलं असशील तरच आली असणार, म्हणून आधी आभार मानते. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पण चटई टाकली ती आमच्या चटईच्या बाजूलाच, आणि इबोसचं, पानात बांधलेल्या चिकट भाताचं, एक पुडकं नानायच्या मांडीवर ठेवलं.

कबरीवर गर्दी होती. सगळ्यांच्या मेणबत्त्या, सगळ्यांचे पत्ते, कुणाचा तरी रेडिओ. अमिहान आजीच्या झग्याआड होती. चार वर्षांची झाली. अनोळखी माणूस दिसलं की रडते, तुझ्या आईने आधीच बजावून ठेवलं होतं, "हात लावू नका कुणी तिला." लुर्देसने केळ्याची भजी दाखवली तरी रडली. पाद्रींनी डोक्यावर हात ठेवला तर किंचाळली.

मी लांब बसले होते, कबरीच्या पायाशी मेण खरवडत. ती उठली, बायकांच्या मधून चालत माझ्याकडे आली आणि माझ्या उजव्या बाजूला बसली. तिने कान माझ्या पोटाला लावला. बरोबर तिथेच, रोवेना. झग्यावरून काही दिसत नाही. व्रण नेमका कुठे आहे ते कुणाला माहीत नाही, नानायला सोडून.

तुझी आई अर्धवट उठली आणि तशीच खाली बसली.

मी म्हटलं, "काय ऐकतेस गं?"

अमिहानने तोंडावर बोट ठेवलं. मला गप्प केलं तिने. बराच वेळ तशी होती, मेणबत्तीचं मेण माझ्या बोटावर सांडून घट्ट होईपर्यंत. मग तिला झोप लागली.

आता जे केलं ते सांगते. ती झोपेत तोंड उघडं टाकून होती. माझ्या पिशवीत कापसाची काडी होती, झाकणाची नळीही होती. होती म्हणजे मी आणली होती. डॉक्टर पालमारेसना मी महिन्यापूर्वी विचारलं होतं, आत्याच्या रक्तावरून भाचीचं कळतं का. त्या म्हणाल्या, "आत्याचं कशाला? तुमच्यात आता तिच्या बापाचंच रक्त आहे, शंभरातलं शंभर. पण आईची परवानगी लागेल, मनांग." मी म्हटलं, आई हो म्हणाली आहे.

काडी तिच्या गालात आतून फिरवली. ती जागी झाली नाही.

प्रयोगशाळा शहरातली आहे, खासगी. त्यांनी माझ्या दंडातून रक्त घेतलं. अर्जावर बापाच्या जागी क्रिसान्तो नुफाब्ले लिहिलं. तुझी सही मी केली.

मला तुझ्यासाठी सिद्ध करायचं होतं, गावाची तोंडं बंद करायची होती, असं मी आधी लिहिलं होतं. ते पान फाडलं. खरं असं आहे की कागद 'नाही' म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्या दुपारी बोलले ते निदान खोटं तरी ठरलं नसतं. त्याच्या कबरीवर, त्याच्या रक्ताने भरलेली मी, हाच विचार करत बसले होते.

डेल्फा

*

मियागाव, २७ नोव्हेंबर

रोवेना,

प्रयोगशाळेतून फोन आला. "मिस्टर नुफाब्ले आहेत का? रिपोर्टवर सही करून न्यावा लागतो."

"ते येऊ शकत नाहीत."

"मग ज्यांनी रक्त दिलं त्यांना पाठवा. पुरुषच आहेत ना?"

मी गेले. खिडकीतल्या पोरीला ऑपरेशनचे कागद दाखवले. तिने ते वाचले, आतल्या बाईंना दाखवले, दोघींनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मग पाकीट खिडकीतून सरकवलं, हातात दिलं नाही.

मूळ कागद तुला याच्यासोबत पाठवतेय. दुसऱ्या पानावर खाली आहे. ज्या व्यक्तीने रक्त दिलं ती व्यक्ती मुलीचा बाप आहे, शंका उरत नाही. व्यक्ती म्हणजे मी. मी तिथेच फुटपाथवर बसले. एक ट्रायसिकलवाला थांबून म्हणाला, "कुठे सोडू, आई?" मला पत्ता सांगता येईना.

तर अमिहान सांतोची आहे. तू खरं बोलत होतीस, तो खरं बोलत होता. तुमच्या दोघांच्या वाटेचं खोटं मी एकटी बोलत होते, चार वर्षं. परवा रविवारी चॅपलमध्ये रोझरी संपल्यावर मी उभी राहिले आणि बारशाला ज्या ज्या होत्या त्या सगळ्यांसमोर कागद वाचून दाखवला. म्हातारी तिया पासिंग म्हणाली, "अगं, आम्ही कधीच विसरलो होतो ते. तूच कशाला उकरून काढतेस?" त्या विसरल्या होत्या, रोवेना! कुणाच्या लक्षातच नव्हतं. नुसती मी ते धरून बसले होते.

आता शेवटचं राहिलंय. हे सांगितल्याशिवाय वरच्या सगळ्याला काही किंमत नाही.

हॉस्पिटलात त्यांनी सांगितलं की मेंदू गेला, काळीज मशीनवर चालू आहे. माझ्या हातात अर्ज दिला. माझी इंजेक्शनं पुरी झाली होती, त्याचा गट मला चालणार होता, शाळा उघडी होती. डॉक्टर पालमारेस म्हणाल्या, "सही बायकोची लागेल. ती नाहीच सापडली तर बहिणीची चालेल. प्रयत्न करा." त्याच्या कपड्यांची प्लॅस्टिकची पिशवी माझ्या मांडीवर होती, तिच्यात त्याचा फोन. आणि तो वाजायला लागला. पडद्यावर तुझं नाव, आणि तुझा तो पिवळ्या छत्रीतला फोटो.

तीनदा वाजला. पहिल्यांदा मी बघत राहिले. दुसऱ्यांदा मी तो पिशवीत पालथा केला. तिसऱ्यांदा वाजत असताना अर्जावर लिहिलं, 'पत्नीशी संपर्क होत नाही,' आणि सही केली.

तू नको म्हणाली असतीस. किंवा म्हणाली असतीस, थांबा, मी येते, मला त्याचा हात धरू द्या, गरम आहे तोवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू विमानतळावरून सरळ आलीस तेव्हा त्याला पेटीत ठेवलं होतं. तू त्याच्या हाताला हात लावलास आणि झटक्यात मागे घेतलास. मी वरच्या वॉर्डात होते, मला नानायने सांगितलं.

आता तुला सगळं माहीत आहे.

डेल्फा

*

मियागाव, ९ जानेवारी

रोवेना,

तू काल गेलीस. तू हाँगकाँगला पोचायच्या आत हे लिहायला बसलेय, कारण काल जे झालं त्यातली एक गोष्ट तुला माहीत नाही.

तुझी एवढीच चिठ्ठी आली होती, नाताळाच्या आधी. "येते. तुझ्याशी बोलायला नाही." मी ती नानायला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरोबर आहे. तुझ्याशी कशाला बोलेल?"

तू अमिहानला खाली नानायपाशी सोडून वर आलीस. मी कॉफी ठेवली होती, तिला तू हात लावला नाहीस. खुर्ची ओढलीस आणि म्हणालीस, "हात दे."

मी उजवा दिला.

"तो नाही. घड्याळ घालायचा तो."

मी डावा दिला. तू तो दोन्ही हातांत धरलास, अंगठा नाडीवर ठेवलास आणि डोळे मिटलेस. मला वाटलं होतं तू मारशील, शिव्या देशील, निदान रडशील. तू बोलायला लागलीस. त्याच्याशी. घरातल्या घरात बोलतात तसं. मालकिणीच्या म्हाताऱ्या सासऱ्याला उचलताना पाठ कशी धरते ते सांगितलंस. अमिहानला पुढच्या जूनपासून शाळेत घालायचं आहे, कुठल्या शाळेत घालू ते विचारलंस. "तुला किती वेळा सांगितलं होतं, डोक्याला काही घातल्याशिवाय गाडीला किल्ली लावू नकोस," म्हणून रागावलीस. मध्येच हसलीस, कशाला ते मला कळलं नाही, ती तुमची काहीतरी जुनी गंमत असणार. माझा हात मुंग्यांनी बधिर झाला होता. मी हलले नाही. मी त्या खोलीत नव्हतेच, रोवेना. मी तुम्हाला दोघांना बसायला दिलेली जागा होते.

खिडकीतून ऊन सरकून तुझ्या पायांवर आलं तेव्हा तू डोळे उघडलेस. पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलंस.

"ऐकतोय का तो?"

तू विचारलंस, आणि मी "हो" म्हटलं, असं तुला वाटतंय. तू मान डोलावलीस, माझा हात जपून मांडीवर ठेवलास, जसं काही ते दुसऱ्याचं सामान आहे, आणि खाली गेलीस. अमिहानचे बूट घातलेस. फाटकातून वळून पाहिलं नाहीस.

आता ती गोष्ट. तू तासभर बोलत होतीस तेव्हा मी आत कान लावून होते. काहीतरी होईल म्हणून. त्याचं काळीज नाही माझ्यात, पण रक्त आहे, म्हटलं ते तरी उसळेल, गरम होईल. काही झालं नाही. शप्पथ सांगते, काहीही झालं नाही. नुसता माझा हात अवघडला होता. आणि मी मनाशी ठरवलं होतं की हिने विचारलंच, तर आता खोटं बोलायचं नाही. 'मला माहीत नाही, इन्दाय,' असं म्हणायचं. शब्द जुळवून ठेवले होते. तू विचारलंस तेव्हा ते म्हणायला मी तोंड उघडलं.

'हो' त्याच्या आधी आलं.

मला ते ऐकू आलं, तुला ऐकू आलं तसंच. खालून नानायनेही ऐकलं. तू गेल्यावर ती जिन्याशी येऊन उभी राहिली आणि वर तोंड करून म्हणाली, "बोलला ना शेवटी?"

मी तुझ्याशी पुष्कळ खोटं बोलले, त्या सगळ्याचा हिशेब आधीच्या पत्रांत आहे. पण ते 'हो' त्यात धरू नकोस. ते मी म्हटलेलं नाही.

डेल्फा